चार फुटांचा उतार

चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, एकाचं चुकलं नाही. म्हणून उताराचं माप मीच घेतलं आणि तोंडावर आपटलो.

साखरेनं बायकोचा एक पाय गुडघ्यापासून नेला. पुढच्या शुक्रवारी ती चाकाच्या खुर्चीतून घरी यायची होती. "मला पोत्यासारखी उचलून घरात न्यायची नाही," असं तिनं इस्पितळात बजावलं होतं. घराला अंगणातून तीन पायऱ्या. त्या तीन पायऱ्यांवर काँक्रीटचा उतार हवा होता, तोही शुक्रवारच्या आत.

मी टेप काढला. तीन फूट रुंद, चार फूट लांब. शेजाऱ्यानं नुकतंच अंगण करून घेतलं होतं. त्याच्या खर्चावरून माझ्या तुकड्याचा हिशेब मांडला आणि पैसे वेगळे काढून ठेवले.

गवंड्यानं तो कागद पाहिला आणि जाडी किती धरली म्हणून विचारलं. कापडाला कुठे जाडी मोजतात! मग त्यानं उंची मोजली, दोन फूट भरली. एक इंच चढायचं तर एक फूट लांबी लागते, म्हणजे उतार चोवीस फुटांचा. अंगण चौदा फुटांचं. म्हणजे मध्ये वळण आलं, वळणावर सपाट जागा आली, खाली भराव, आत सळई, कडेला कठडा. गल्ली अरुंद, मालाची गाडी आत येणार नाही, सगळा माल घमेल्यानं वाहायचा, त्याची मजुरी वेगळी. पायऱ्या तोडून राडारोडा टाकायचा तो खर्च आणखी निराळा.

त्यानं आकडा सांगितला. माझ्या पाचपट! मग मी त्याला लुटारू म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. लहानशा उताराला कोण एवढे घेतं?

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मास्तर, पैसे लांबी-रुंदीत नाहीत. उंचीत आहेत. ती कमी करा, खर्च आपोआप उतरेल."

घर काय सुरवार आहे खालून दुमडायला? पण बोलता बोलता त्याची नजर माझ्या शिवणाच्या दुकानाकडे गेली. अंगणाच्या तोंडाशी एक खोली, मागे मोरी, जमीन रस्त्यापेक्षा फक्त चार इंच वर. बायकोची सोय तिथे केली, तर चार फुटांचा उतार पुरणार होता.

दुकान! पण ती पोत्यासारखी उचलली जाणार नव्हती, एवढं एकच मनाशी धरलं. आजारी माणसाच्या कानाशी मशीनची खडखड नको, म्हणून मशीन वर घरात नेलं. कापायचं टेबल देऊन टाकलं, खोलीला रंग दिला, पलंग लावला. गवंड्यानं दोन दिवसांत उतार घातला आणि रोज पाणी मारायला बजावलं. मी दिवसातून चारदा मारलं.

शुक्रवारी खुर्ची ढकलायला मी हात लावला, तो तिनं झटकला. चाकांना स्वतः रेटा देत ती वर चढली. माझा ऊर भरून आला. गवंडी मुद्दाम बघायला आला होता, तोही हसला.

आत जाऊन तिनं चारी भिंती पाहिल्या. मग विचारलं, मशीन कुठे आहे.

"वर घरात. तुला त्रास नको म्हणून. गिऱ्हाईकं येतील वर."

"म्हणजे तुम्ही दिवसभर तीन पायऱ्या वर?"

"हो."

"आणि मी इथे?"

लांबी, रुंदी, जाडी, उंची, सगळं मोजून झालं होतं. ज्या तीन पायऱ्या तिला चढता येणार नव्हत्या, त्यांच्या वरच मी स्वतःला नेऊन बसवलं होतं, आणि इतक्या दिवसांत हे माझ्या डोक्यातही आलं नाही. चाळीस वर्षं ती माझ्यासमोर बसून काजं-बटणं करत आली होती.

"अहो, इथे पडून राहायला नव्हते आले मी," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडायला लागली.

मी वर गेलो, मशीनचं एक टोक धरलं आणि दुसरं धरायला गवंड्याला हाक मारली.