जानीची एकही गोळी चुकली नाही

जानीला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. बाकीच्या बायकांना म्हटलं होतं, जरा शिका तिच्याकडून. आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आमचं केंद्र डहाणूत. एचआयव्ही असलेल्यांना गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतात. त्या नेमानं पोटात जाताहेत की नाही, हे बघणं माझं काम. महिन्याला तीस गोळ्यांची बाटली. पुढच्या खेपेला माणूस ती बाटली घेऊन येतो आणि मी उरलेल्या गोळ्या मोजते. कुणाच्या पाच उरतात, कुणाच्या अकरा, आणि मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. माझे यजमान रेल्वेत आहेत. ते म्हणतात, स्टेशनवर भोंग्याऐवजी तुलाच बसवायला हवं.

गंजाडच्या जानीची बाटली मात्र आठ महिने रिकामी येत होती. मुंबईहून गौरव नावाचे एक संशोधक गोळ्या नियमित घेण्यावर अभ्यास करत होते; त्यांच्या तक्त्यात जानी शंभर टक्के.

आणि मग तिच्या रक्ताचा अहवाल आला. विषाणू दीड लाखाच्या वर. गोळ्या नीट घेतल्या असत्या, तर ते सापडायलाही नको होते. गौरव म्हणाले, लॅबची चूक असेल. मी म्हटलं, चूक कसली, ही बया गोळ्या फेकून देत असणार. तिला बोलावून मी असं फैलावर घेतलं की बाहेरच्या बाकावरची माणसं गप्प झाली.

"फेकली नाय, बाय. एक पन नाय," एवढंच ती म्हणाली.

माझा काही विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या पाड्यावर गेले. पाड्यावर आम्ही रोगाचं नाव काढत नाही; तिथं मी बचत गटाची बाई. जानीनं मला आत घेतलं. आत खाटेवर तिचा नवरा बारक्या पडला होता. तो गुजरातेत बोटीवर असतो असं तिनं मागे सांगितलं होतं. आता त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि खोकला थांबत नव्हता.

तो चेहरा मी ओळखला.

पाच महिन्यांपूर्वी, गौरव यांचे वरिष्ठ केंद्र बघायला यायचे होते त्या सकाळी, हा माणूस आमच्या दाराची चौकट धरून उभा होता. डोळे लाल, पाय लटपटत होते, तोंडातून शब्द नीट फुटत नव्हता. मी खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही. तिथूनच ओरडले, "सकाळी सकाळी ढोसून आलास? शुद्धीत असशील तेव्हा ये." कुणाचा कोण, हेही विचारलं नाही. तो मुकाट्यानं निघून गेला.

"मीच धाडलेला तेला," जानी म्हणाली. "तूच सांगत होतीस ना, नवऱ्याला तपासाय आन."

"मग मला सांगायचं नाही का!" मी तिथंही ओरडलेच.

"तो बोलला, आता तिथं नाय जायचा. मंग मी काय करू? घरात एकानं औषद खायचा आन दुसऱ्यानं बघत बसायचा? एक दिस मी खाल्ली, एक दिस तेनं. तू बोललीस एक दिस चुकवू नको. एक पन नाय चुकवला."

मी खाली जमिनीवरच बसले. अर्ध्या औषधानं दोघांनाही गुण येत नाही, उलट रोग शिरजोर होतो, हे मी शंभर जणांना शिकवलं असेल. पण गोळी कोण खातं, हे आठ महिन्यांत एकदाही विचारलं नाही. मी बाटली मोजत बसले.

बारक्याच्या अंगावर गोधडी ओढत जानी म्हणाली, "तो पिऊन नवता आला, बाय. ताप होता तेला. पाच दिसाचा."

मला रडूही आलं नाही. चीड आली, आणि ती कुणावर काढावी हे पहिल्यांदाच कळेना. रिक्षा बोलावली आणि दोघांना दवाखान्यात घेऊन निघाले. जानी आता रोजची गोळी एकटी घेते. औषध अजून लागू पडतं का, ते पुढच्या तपासणीत कळेल. बारक्या त्यानंतर नऊ दिवस जगला. टीबी दोन्ही फुप्फुसांत पसरला होता.

दवाखान्यात नेलं त्या दिवशी वॉर्डाच्या दारात मी त्याला काखेत हात घालून धरलं होतं. अंग चटके बसावेत इतकं तापलेलं. सिस्टर कागद घेऊन समोर आली. तिनं नाव विचारायच्या आत बारक्यानं माझ्या हातातून आपले हात सोडवून घेतले, जोडले आणि तिला म्हणाला,

"बाय, मी पिऊन नाय आलो."