एक लांब, दोन आखूड

आमच्या राजेश्वरीचं लग्न झालं ते सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात. तिला नावड्याला दिली, जावई तळोज्याच्या एका कारखान्यात कामाला होते. लग्नाची पत्रिका तिच्या भावाने, आमच्या इंद्रजितने, घरच्या कॉम्प्युटरवर केली. एका बंद पडलेल्या ऑफिसातून त्याने ते जुनं मशीन आणलं होतं. पत्रिकेच्या शेवटी ‘आपला नम्र’च्या खाली माझं नाव, हौसेराव, मी स्वतः एका बोटाने टाइप केलं. पन्नाशी उलटेपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. इंद्रजितने त्याच पडद्यावर मोठी मोठी अक्षरं काढून मला शिकवलं. पडद्यावर ओळखायचं, मग वहीत पेन्सिलने गिरवायचं. माझी वही, पेन्सिल आणि खोडरबर मशीनच्या शेजारीच असायचे.

लग्नाला तीन महिने झाले आणि इंद्रजित गेला. वाशीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. तिथून सायकलवर घरी येताना टेम्पोने उडवलं. चोवीस वर्षांचा होता.

आम्ही कोपरखैरण्याला दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. मी कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. इमारतीत दोन सायकली चोरीला गेल्यापासून सोसायटीने जिन्याच्या तोंडाशी जाळीचं दार लावून त्याला कुलूप घातलं होतं, आतून ते चावीशिवाय उघडायचं. इंद्रजित चावी कधी बरोबर नेत नसे. संध्याकाळी पावणेसातला खाली उभा राहून शिट्टी मारायचा. एक लांब, दोन आखूड. माझी बायको वेणू हातातलं काम टाकून गॅलरीत जायची आणि चावी खाली फेकायची. हरवू नये म्हणून चावीला मी एक मोठा नट बांधला होता. फरशीवर पडली की टण् आवाज यायचा. मग जाळीचं दार करकरायचं, मग जिन्यात पावलं वाजायची, आणि वेणू तवा ठेवायची. तो वर आल्याशिवाय ती कधी जेवली नाही.

त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हते. दसऱ्याला तोरण नाही, सोनं नाही. पण गोण्या उचलायच्या आकड्याची पूजा मी चुकवली नाही. ज्याच्यावर पोट भरलं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. आकडा तेलाने पुसायचा आणि ओलं हळदकुंकू टोकाला लावायचं. काम टोक करतं, म्हणून टोकाला. विळ्याच्या धारेला, तसंच.

वेणू दारात उभी होती. म्हणाली, “त्याच्याबी मशीनची करा. गेल्या साली त्यानं केली हुती.”

इंद्रजितने केली होती ती वरवर, पेटीला एक टिळा लावून. मला ते कमी वाटलं. पेटीचं झाकण तो कधी लावत नसे, आत गरम होतं म्हणायचा. वायरी काढून मी आतली दोन महिन्यांची धूळ पुसू लागलो. आत हिरव्या पाट्या उभ्या खोचलेल्या होत्या. त्यातली एक बिनस्क्रूची, सैल होती. ती हातात आली. तिच्या खालच्या कडेला सोन्यासारखे बारीक दात होते. मी मनात म्हटलं, काम हेच दात करत असणार. मग आकड्याच्या टोकाला लावलं तसंच हळदकुंकू त्या दातांना लावलं, अक्षता टाकल्या आणि पाटी होती तिथे दाबून बसवली. मार्केटात मी आयुष्यभर माल जसा होता तसा लावत आलो, त्यामुळे वायरी लावतानाही चुकलो नाही.

संध्याकाळी वेणू म्हणाली, “जरा लावा की. दिवा लावल्यागत हुईल.”

मी बटण दाबलं. आतला पंखा फिरू लागला. पडदा काळाच राहिला. आणि पेटीच्या पोटातून शिट्टी आली. एक लांब, दोन आखूड.

मी जागचा हललो नाही. वेणू हलली. भिंतीवरच्या खिळ्याची चावी काढून ती गॅलरीत गेली आणि तिने चावी खाली फेकली. टण् वाजलं. मग आम्ही दोघं जाळीचं दार करकरायची वाट बघत उभे राहिलो. ते करकरलं नाही. शेवटी मी खाली जाऊन चावी उचलून आणली.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला तिने स्वतःच बटण दाबलं. तिसऱ्या दिवशीही. पडदा काळा, शिट्टी तीच. तिने चावी टाकायची आणि मी उचलून आणायची, असा महिना गेला. चावीबरोबर ती कठड्यावरून इतकी वाकायची की मी मागून तिचा पदर धरून ठेवायचो. पहिल्या मजल्यावरच्या सत्यभामाबाई एकदा गॅलरीतून ओरडल्या, “अहो वेणूताई, आज माझ्या तुळशीत पडली चावी! उद्या माझ्या डोक्यात पडंल. मग हौसेराव, तुमीच न्या मला दवाखान्यात!” खालची पोरं हसली. वेणूने मान वर केली नाही. ती फरशीकडे बघत होती.

चेष्टेचं मला काही वाटत नव्हतं. वेणू जेवत नव्हती, ते मोठं होतं. सकाळी चहाबरोबर अर्धी भाकरी खाई, तेवढीच. रात्रीचं ताट वाढून ठेवायची आणि तसंच झाकायची. म्हणायची, “त्यो खाली हाय. वर आल्याबिगर मी कशी जेवू?” तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. राजेश्वरी आली तेव्हा आईला बघून मोरीत जाऊन रडली. मग बाहेर येऊन म्हणाली, “आई, तो आवाज मशीनचा आहे. मशीन बिघडलंय.”

“माझं पोरगं बिघडलंय म्हनतीस व्हय?”

“आई!”

“मशीनला काय म्हाईत त्याची शिट्टी?”

  जाताना जिन्यात राजेश्वरी मला म्हणाली, “आप्पा, हे असंच चाललं तर आई गुढीपाडव्यापर्यंत राहत नाही. दुरुस्त करून घ्या.”

मी हो म्हणालो आणि पंधरा दिवस काही केलं नाही. कारण लिहितो. पावणेसात वाजत आले की मीसुद्धा मार्केटातून धावत घरी यायला लागलो होतो. ती शिट्टी मलाही हवी होती.

मग एका रविवारी वेणूने चावी टाकली आणि टण् वाजलंच नाही. मी पदर धरून मागेच उभा होतो. चावी तिच्या हातून सुटलेली मी पाहिली. खाली गेलो, फरशी पाहिली, गटाराची झाकणं उचलली, सत्यभामाबाईंच्या तुळशीतली माती उकरली. चावी मिळाली नाही. वर आलो तर वेणू जिन्याच्या पायरीवर बसली होती. उठायला गेली आणि बसल्या जागी कलंडली. मी तिला उचलून घरात आणलं. साठ-साठ किलोच्या गोण्या उचललेला माणूस मी, तिचं वजन हाताला लागलंच नाही. तेव्हा मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी निकेशला बोलावलं. निकेश कोपरखैरणे गावातला, आगरी, इंद्रजितचा दोस्त. एका दुकानात कॉम्प्युटर जोडायचं काम करायचा. तो आला तेव्हा वेणू आत गाढ झोपली होती.

त्याने बटण दाबलं. शिट्टी झाली तसा तो एकदम मागे सरकला. त्यालाही ती ओळखीची होती. मग हलकेच म्हणाला, “काका, ह्यो डिस्प्ले कार्डाचा आवाज हाय. कार्ड नीट लागला नाय ना, का मशीन असाच बोंबलतो. एक लांब, दोन बारके. सगली मशीना अशीच बोंबलतात.”

“सगळी?”

“या जातीची सगली. इंद्रा आमाला तशीच शिट्टी मारून दाखवायचा. बोलायचा, मशीनपासून शिकलो.”

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे मशीन त्याची शिट्टी मारत नव्हतं. तो मशीनची मारत होता.

निकेशने पाटी बाहेर काढली आणि उजेडात धरली. दात लाल-पिवळे झाले होते. खाचेतून त्याने चिमट्याने दोन तांदूळ काढले आणि तळहातावर घेऊन मला दाखवले.

“काका, याला हलद कोनी लावली? आमच्याकडं हलद नवऱ्याला लावतात, कार्डाला नाय.”

तो हसायला लागला. माझा चेहरा बघून थांबला. मी त्याला एवढंच म्हणालो, “काकूला सांगू नकोस.”

“नाय सांगत. खोडरबर हाय का घरान?”

मी वहीशेजारचा माझा खोडरबर दिला. त्याने ते दात एकेक करून घासले. रबराचे लाल कण जमिनीवर पडत होते. दीड महिना माझ्या बायकोला उपाशी ठेवलं ते माझ्या हाताच्या कुंकवाने, हे मी बघत होतो. पाटी बसवून त्याने वरून स्क्रू लावला. बटण दाबलं. एकच बारीक टिक झाली आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागली.

वेणू भिंतीला धरून बाहेर आली. तिने पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. पावणेसात झाले होते.

“आज शिट्टी न्हाई?”

निकेश खाली बघू लागला. मी म्हणालो, “नाही.”

तिने भिंतीचा हात सोडला. आता पडेल म्हणून मी हात पुढे केला. तर ती म्हणाली, “मंग गावली चावी त्याला. वर आला म्हना की.”

आणि ती स्वयंपाकघरात गेली. तवा ठेवल्याचा आवाज आला. त्या दिवशी तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. निकेशलाही वाढलं. चौथं ताट तिने मशीनच्या शेजारी ठेवलं, ते आम्ही कोणी हलवलं नाही.

त्यानंतर वर्षभर ती नीट राहिली. गॅलरीत कपडे वाळत घालायला जायची, तेवढीच. खाली बघायची नाही. सोसायटीकडून मी दुसरी चावी करून घेतली, तिलाही नट बांधून खिळ्याला लावली. राजेश्वरी म्हणाली, जुनी चावी कुणाच्या हातात पडली असेल, जाळीचं कुलूप बदलायला सांगा. वेणूने बदलू दिलं नाही. रोज पावणेसातला मी मशीन लावायचो आणि वहीतलं थोडं थोडं त्यात लिहायचो. एक टिक व्हायची, बाकी काही नाही. पुढच्या दसऱ्याला मी फक्त पेटीला वरून टिळा लावला.

अठ्ठ्याण्णवच्या शेवटी तिला कावीळ झाली आणि ती उतरली नाही. फेब्रुवारीत डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. खाट मी मशीनच्या खोलीत घातली. एका सोमवारी संध्याकाळी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “लावा की जरा.”

मी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. एक लांब, दोन आखूड.

वेणूने माझ्याकडे पाहिलं. “त्यो तर वर हाय,” ती म्हणाली. “मंग आता खाली कुनासाठी आलाय?”

कुणासाठी ते मला माहीत होतं. मी खिळ्याची चावी काढली, गॅलरीत गेलो. खाली फरशीवर कोणी नव्हतं. तरी मी चावी फेकली. कान लावून उभा राहिलो. पडल्याचा आवाज आला नाही. मग खालचं जाळीचं दार करकरलं.

जिन्यात पावलं वाजतात का ते ऐकायला मी थांबलो नाही. आत आलो तोवर खाटेवरच्या वेणूत काही उरलं नव्हतं.

निकेश नंतर म्हणाला, कार्ड परत सैल झालं असेल. असेल. मी पेटी उघडून पाहिली नाही, आणि ती पुन्हा लावलीही नाही. ही गोष्ट वहीतच लिहिली आहे. दुसरी चावीही खाली सापडली नाही.

आमचा मुलगा इंद्रजित मंगळवार, १९ ऑगस्ट १९९७ रोजी वारला. माझी पत्नी वेणूबाई सोमवार, २२ फेब्रुवारी १९९९ रोजी संध्याकाळी पावणेसात वाजता वारली.