पुढच्या सीटची शिवण

ज्या वर्षी मास्तरांच्या लेकीला जुळ्या मुली झाल्या आणि अख्ख्या घराची झोप उडाली, त्याच वर्षी त्यांच्या सुनेने विजेवर चालणारी मोठी गाडी घेतली. सून दातांची डॉक्टर. बारा वर्षं लोकांच्या तोंडात डोकं घालून तिने ही एकच हौस पुरी केली होती, त्यामुळे त्यावर बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. गाडी होतीही तशीच देखणी. जवळ गेलं की दाराची कडी आपोआप बाहेर यायची, बसलं की आरसे हलायचे आणि आतून एक गोड आवाजाची बाई बोलायची. मास्तरांचा मुलगा म्हणायचा, घरात माझं कोणी ऐकत नाही, गाडी तरी ऐकेल असं वाटलं होतं, तर तीही हिचंच ऐकते.

मास्तर म्हणजे सीटमास्तर. चाळीस वर्षं त्यांनी बसच्या सीटा शिवल्या, सिनेमागृहातल्या खुर्च्या शिवल्या, केस कापायच्या दुकानातल्या फिरत्या खुर्च्या शिवल्या. कुठेही बसायच्या आधी ते शिवणीवरून अंगठा फिरवायचे. दवाखान्यात गेले तरी आधी बाकाची शिवण बघायची, मग दुखणं सांगायचं.

दुसऱ्या महिन्यात गाडीने आपले गुण दाखवायला सुरुवात केली. सून एकटीच दवाखान्यात निघाली, की आतली बाई म्हणायची, "शेजारच्या प्रवाशाने कृपया पट्टा लावावा." शेजारी कोणी नाही. पर्सही नाही. बाई तीनदा विनवणी करायची, मग टिंग टिंग सुरू व्हायचं, आणि कोणीच ऐकत नाही म्हटल्यावर सुरक्षेसाठी वेग कमी केला आहे असं सांगून गाडी कासवासारखी चालायला लागायची. एकदा एका सायकलवाल्याने सुनेला मागे टाकलं आणि वळून हसला. ते तिला फार लागलं.

मास्तरांच्या बायकोचं म्हणणं, त्या सीटवर माझ्या गेलेल्या सासूबाई बसत असणार. जन्मभर त्यांना पुढेच बसायचं असायचं आणि जन्मभर त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. मुलाने रिकाम्या सीटचा पट्टा लावून बघितला. दोन दिवस बाई गप्प बसली, तिसऱ्या दिवशी रिकाम्या सीटचा पट्टा सोडा म्हणून तिने वेगळीच तक्रार काढली.

सुनेने गाडी दोनदा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं, सॉफ्टवेअरमध्ये गडबड होती, नवीन टाकलंय, आता त्रास होणार नाही. दोन्ही वेळा आठवडाभर त्रास झाला नाही. गाडीला आठ वर्षांची वॉरंटी होती, त्यामुळे सून चिडली तरी घाबरली नव्हती.

चूक झाली ती वर्कशॉपच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधे. रविवारची दुपार होती, गाडी इमारतीखाली चार्जिंगला लावलेली होती. मास्तर रोग कळतो का बघावं म्हणून त्या सीटवर जाऊन बसले. सवयीने अंगठा फिरवला, आणि कडेला वीतभर जागेत शिवण सरळ रेषेतून सरकलेली हाताला लागली. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढी. एवढी महाग गाडी, एवढं मऊ कातडं, आणि शिवण अशी झोकांड्या खात गेलेली. मास्तर उठून घरात गेले. परत खाली आले. परत वर गेले. तिसऱ्यांदा खाली आले तेव्हा खिशात वाकडी सुई, मेण लावलेला दोरा आणि उसवायची छोटी सुरी होती.

पाऊण तासात त्यांनी वीतभर शिवण उसवून नीट ओळीत घातली. जुन्या भोकांवर मेण घासलं, अंगठ्याने चोळलं. दुसऱ्या दिवशी सून त्या सीटवर पिशवी ठेवून गेली, तिला काही कळलं नाही. मास्तरांना हायसं वाटलं. जरा वाईटही वाटलं, कारण काम झकास झालं होतं.

चार दिवसांत टिंग टिंग पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या फेरीला मास्तर सुनेबरोबर गेले. वर्कशॉपचा मॅनेजर टाय लावलेला, हसतमुख माणूस. त्याने अर्ध्या तासाने त्यांना बोलावलं आणि हातातल्या पडद्यावर एक फोटो मोठा करून दाखवला. सीटची शिवण. एका ओळीशेजारी मेणाने बुजवलेली दुसरी ओळ. तो म्हणाला, ही सीट बाहेरच्या माणसाने उघडलेली आहे. या कव्हरच्या आतून सीटवर कोणी बसलंय का ते ओळखणारी वायर जाते. आधीचे दोन बिघाड सॉफ्टवेअरचे होते, ते आम्ही दुरुस्त केले. हा तिसरा बाहेरच्या हाताने झालेला आहे, त्यामुळे या सीटची आणि तिच्याशी जोडलेल्या सगळ्या वायरिंगची वॉरंटी संपली.

सुनेचा चेहरा लाल झाला. ती आवाज न चढवता बोलली, "माझ्या गाडीला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. माझ्या घरातलं कोणी असलं काही करणार नाही. हा माझा शब्द आहे."

मास्तर तिच्यापासून दोन हातांवर बसले होते, हातात मशीनच्या कॉफीचा कागदी पेला. त्यांनी पेला तोंडाला लावला. कॉफी सगळी प्यायले, तीही न आवडणारी.

परत येताना गाडी हळूहळू चालली होती. अर्ध्या वाटेत मास्तर म्हणाले, "सूनबाई, गाडी जरा बाजूला घे."

"का? गरगरतंय का?"

"गरगरत नाही. ती शिवण माझी आहे."

तिने गाडी कडेला घेतली. आतल्या बाईने मास्तरांना पट्टा लावायला सांगितलं. तो त्यांनी लावलेलाच होता.

"बाबा, मी तिथे शब्द दिला."

"हो."

"तुम्ही तिथेच बसला होतात."

"हो. वाकडी होती गं ती."

तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली, आणि मास्तरांना तेच झोंबलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. घरी गेल्यावर ती सासूशी, नवऱ्याशी, फोनवरच्या नणंदेशी नेहमीसारखी बोलली. मास्तरांना काही सांगायचं असलं की सासूकडे बघून म्हणायची, बाबांना विचारा चहा घेणार का. मास्तरही बायकोकडे बघून म्हणायचे, घेईन म्हणावं. दोन दिवसांनी बायको कावली. मला काय टपाल खात्यात नोकरी लागलीय का, म्हणाली, आणि दोघांना टेबलावर सोडून उठून गेली. दोघं समोरासमोर बसून मुकाट्याने जेवले.

मुलाचं मत पडलं की गप्प बसावं. शिवण कुणी घातली हे कंपनीला सिद्ध करता येणार नाही, वकील बघू, ग्राहक मंचात जाऊ. सुनेला ते पटलं नाही. तिने तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मॅनेजरला फोन लावला आणि सांगितलं की मी त्या दिवशी दिलेला शब्द चुकीचा होता, शिवण माझ्या सासऱ्यांनी घातली आहे. मॅनेजरने प्रामाणिकपणाबद्दल तिचे आभार मानले आणि म्हणाला, मग विषयच संपला.

मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांना वाटलं, सत्तर ओलांडल्यावर आपण या पोरीला परक्या माणसापुढे मान खाली घालायला लावली. ते उठले आणि या वेळी बायकोकडे न बघता थेट सुनेलाच म्हणाले, "त्याला विचार, ते कव्हर आपल्यासमोर उघडायला तयार आहे का?"

"उघडून काय होणार?"

"वायरीला सुई लागली असेल तर भोक असणार. कातड्यातलं भोक मेणाने झाकलं जातं, बुजत नाही. कुणाची सुई लागली ते तिथं दिसेल."

"तुमची नाही, अशी खात्री आहे?"

मास्तरांनी विचार केला. "नाही. मी आत बघितलं नव्हतं. माझी असली तर तेही दिसेल, आणि मी तिथल्या तिथे तसं म्हणेन."

 मग तिने पुन्हा फोन उचलला.

मॅनेजर आढेवेढे घेत होता, पण सुनेने एकच गोष्ट धरून ठेवली, की तपासल्याशिवाय तुम्ही आम्हाला दोष कसा दिलात ते लिहून द्या. शेवटी पुढच्या बुधवारी कंपनीची तपासनीस येणार असं ठरलं.  आपण त्या वेळी सुई किती खोल घातली होती ते मास्तर त्या रात्रीपासून हवेत हात हलवून पुन्हा पुन्हा करून बघायचे. बायको म्हणायची, जेवताना तरी शिवू नका.

तपासनीस बाई ठेंगणी, केस आखूड कापलेली, आणि कामाची दिसत होती. तिने सीट गाडीतून काढून टेबलावर ठेवली, वर दिवा ओढला आणि कव्हरची कड सोडवून ते उलटं केलं. आतल्या बाजूला पट्टीत शिवलेली केसाएवढी वायर होती. तिने भिंग लावलं. वायरीच्या वेष्टनाला टोचल्याच्या दोन खुणा होत्या.

मॅनेजर सुस्कारा सोडून म्हणाला, "सुईच आहे बघा."

 सुनेने शेजारची खुर्ची पायाने मास्तरांकडे सरकवली, बघितलं मात्र नाही. ते बसले नाहीत. त्यांनी तपासनीस बाईंना विचारलं, जरा माझं ऐकाल का. ती म्हणाली, सांगा ना आजोबा. मास्तरांनी सांगितलं की एका इंचात टाके मोजा, आधी तुमच्या कारखान्याचे, मग माझे. तिने मोजले. कारखान्याचे पाच, मास्तरांचे सात. मग मास्तर म्हणाले, आता त्या वायरीवरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजा.

तिने मोजलं. पुन्हा मोजलं. ते कारखान्याच्या टाक्याएवढं होतं. मग खिशातून दोन टाचण्या काढल्या, मेण खरवडलं आणि वरून जुन्या भोकात एक टाचणी सरळ खाली घातली. ती बरोबर पहिल्या खुणेवर उतरली. शेजारच्या जुन्या भोकात दुसरी घातली. तीही उतरली. मास्तरांच्या ओळीतली भोकं वायरीपासून गव्हाच्या दाण्याएवढी लांब होती. ज्या जागी शिवण सरकली होती, त्याच जागी कारखान्याची सुई वायरीवर चढली होती. गाडी घेतली त्या दिवसापासून वायर तशी अर्धवट टोचलेली होती. सीट तापली की वायर चुकीचा इशारा द्यायची आणि गाडीला रिकाम्या सीटवर माणूस दिसायचा.

तपासनीस बाई मॅनेजरला म्हणाली, "ही भोकं आपली आहेत."

सून तेव्हा पहिल्यांदा हसली. मास्तर आता मात्र खुर्चीत बसले.

मॅनेजरने लगेच सूर बदलला. नवीन सीट बसवून देतो, वॉरंटी पूर्ववत, थोडा गैरसमज झाला, कॉफी घेणार का. मास्तर घाईने नाही म्हणाले. सुनेला सीटपेक्षा कागद हवा होता. बाहेरच्या हाताने बिघाड झाला हे तुमच्या नोंदीत आहे ते खोडा, आणि आम्ही हातच लावला नव्हता असं माझं म्हणणं लिहिलं असेल तर तेही खोडा, कारण तेही खरं नाही. काय लिहायचं ते तिने उभ्याउभ्या सांगितलं आणि मॅनेजरने दोन बोटांनी टाइप केलं, की ग्राहकाच्या सासऱ्यांनी वीतभर शिवण दुरुस्त केली, बिघाडाशी तिचा संबंध नाही. तपासनीस बाईने सही केली. मास्तरांनीही मागून चष्मा लावून ते अक्षर अन् अक्षर वाचलं. दुरुस्त या शब्दापाशी ते थोडा वेळ थांबले.

बाहेर आल्यावर सून म्हणाली, "बाबा, यापुढे सुई उचलायच्या आधी मला विचारायचं."

"आणि तू नको म्हणालीस तर?"

"तर नको."

"बरं," मास्तर म्हणाले. चार पावलं गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्या दवाखान्यातल्या पेशंटच्या खुर्चीचं काय? पाठीपाशी फार वाईट आहे ती."

तिने हो म्हटलं. ती खुर्ची मास्तरांनी पुढच्या दोन रविवारी शिवली, सून शेजारी बसून दोरा धरत होती. त्यानंतर त्यांनी घरातलं, दारातलं काहीही तिला विचारल्याशिवाय उसवलं नाही. ती बहुतेक वेळा नकोच म्हणायची, आणि ते बहुतेक वेळा पुन्हा विचारायचे.

मास्तर त्यानंतर तिसऱ्या वर्षी, डिसेंबरच्या चार तारखेला, पहाटे झोपेतच गेले. वय एक्क्याऐंशी होतं.