कूस बदलण्याची वेळ

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. माझी बिजागरी ढिली झाली आहे. पाठीला पिठाचा डबा टेकवल्याशिवाय मला धड बसताही येत नाही.

दुकानातून मला एका मुलीच्या कॉलेजसाठी आणलं, तेव्हा मी चकचकीत होतो. पुढे तिला नवा मिळाला आणि मी तिच्या आईकडे आलो. आई मोठ्या इस्पितळात सिस्टर. सकाळची ड्युटी संपवून घरी आली की सुजलेले पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडायची आणि एका बोटाने टाइप करत बसायची. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पाठीला जखमा का होतात, हे तिने चौदा महिने टिपलं होतं. एक सिस्टर निघते, दुसरी येते, त्या गडबडीत रुग्णाची कूस बदलायची राहून जाते, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

"मोठे डॉक्टर म्हणाले, लिहिणं आमच्यावर सोडा," तिने एकदा लेकीला सांगितलं आणि पुढचं वाक्य टाइप करायला घेतलं.

पहिल्या वैद्यकीय नियतकालिकाने तिचा निबंध एका दिवसात परत केला. दुसऱ्याने सहा महिने ताटकळत ठेवून दोन ओळींत नकार कळवला.

"आई, पुरे आता. किती जीव काढशील?"

"तिथे रोज कुणाची तरी पाठ सोलून निघतेय. पुरे कसं म्हणू?"

तिसरीकडच्या परीक्षकाकडून तीन पानं भरून दोष आले. तक्ता चुकलाय, शेवट पोकळ आहे, नववा रुग्ण मध्येच कुठे गेला? वाचता वाचता आईचे डोळे भरून आले.

"अगं, रडतेस काय?" लेक घाबरली.

"नववे आजोबा वारले गं. मी लिहायचंच विसरले. या माणसानं सगळं वाचलंय."

मग दोन महिने दुरुस्त्या चालल्या. मला धाप लागायची, मध्येच मी बंदही पडायचो. अखेर निबंध छापून आला. वर तिचं नाव होतं. "झालं बाई एकदाचं," म्हणत ती खुर्चीतच झोपी गेली. आता तिच्या वॉर्डात आधी रुग्णांची कूस बदलतात, मग सिस्टरांची पाळी.

मी थकलोय, मित्रांनो. एवढंच मागतो: कुणी पहिल्यांदाच लिहिलेलं तुमच्या हाती आलं, तर चुका जरूर दाखवा. पण त्याआधी ते शेवटपर्यंत वाचा.