डाव्या हाताच्या सोयीने

प्रोग्रामरने बाईंचा डावा हात कीबोर्डवर ठेवला, अंगठा ऑल्टवर टेकवला आणि बाकीची बोटं जिथवर सहज पोचत होती त्या सगळ्या कीजवर पेन्सिलीने टिंबं काढली. काढता काढता टोक त्यांच्या करंगळीत रुतलं.

"सॉरी."

"कशाबद्दल?" बाईंनी विचारलं.

त्याने टिंबं मोजली. "तेरा. फॉर्मवर बटणं सातच आहेत. भागेल."

"एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. फॉर्म तरी भरतो का बघू."

पाणीपुरवठ्याच्या तक्रारी नोंदवण्याच्या या कार्यालयात बाईंची सव्वीस वर्षं झाली होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर चार महिन्यांनी त्या कामावर परतल्या. उजव्या हाताचं एक बोट ग्राहक क्रमांकाचे आकडे दाबू शकत होतं; पण माउस धरला की मूठ आखडायची आणि बाण भलतीकडे जायचा. शुक्रवारी साहेब स्वतः शेजारी बसणार होते. तासाला चाळीस तक्रारी झाल्या तर नोकरी, नाहीतर प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्ती.

"घरी सूनबाई हातातला चमचा काढून घेते," बाई म्हणाल्या. "'राहू द्या आई, मी भरवते.' मनाने चांगली आहे. तीच तर पंचाईत आहे."

त्याने सातही बटणांना डाव्या हाताच्या कीज जोडल्या. 'जतन करा'ला एफ, 'रद्द करा'ला शेजारची डी. दोन्हींनंतर समोर कोरा फॉर्म यायचा. रद्द करताना मात्र 'नक्की?' अशी चौकट आधी उघडायची. सराव करताना बाई त्या चौकटीवर दोनदा अडखळल्या.

"हिला काढ. सव्वीस वर्षांत नक्की नसलेलं मी काही केलेलं नाही."

त्याने चौकट काढली.

शुक्रवारी अकरा वाजता साहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. बाई स्क्रीनकडे न बघता, फक्त तक्रारींच्या चिठ्ठ्यांकडे बघत भरत गेल्या, पूर्वी टाइपरायटरवर बसायच्या तशाच ताठ. पंचावन्नाव्या मिनिटाला त्रेचाळिसावी चिठ्ठी उलटी पडली. साहेबांनी टाळी वाजवली आणि यादी उघडली.

यादीत सव्वीस तक्रारी होत्या.

"सतरा कुठे गेल्या?"

कोणती की केव्हा दाबली, त्याच्या नोंदी प्रोग्रामरने तपासल्या. पहिल्या दहा तक्रारींत सगळं बरोबर होतं. पुढे अधूनमधून डी. शेवटी शेवटी तर एफपेक्षा डीच जास्त. सतरा वेळा 'रद्द करा'. त्याने वर पाहिलं. बाई डाव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याने चोळत होत्या. त्याने पाहिलं तशा थांबल्या आणि हात पदराखाली घेतला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "दोन्ही कीज शेजारी दिल्या, वर खात्रीची चौकटही काढली. बाईंनी बरोबर भरलंय."

साहेबांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनाही बाईंना घरी पाठवायचं नव्हतं. "मग प्रश्नच मिटला. त्रेचाळीस धरतो. बाई, मानलं तुम्हाला. रोज तासाला एवढ्या केल्यात तरी बास." दारापर्यंत जाऊन ते वळले. "आणि तू, ते शॉर्टकट काढून टाक. आजच. लोक पाण्यासाठी तक्रार करणार आणि आपण ती पुसणार?"

"साहेब, कीज बदलून देतो. लांब लांब ठेवतो."

"नको, हात जोडतो. एकदा पोळलो तेवढं पुरे. सोमवारपासून सगळे माउसनेच. बाईंना आता काय अवघड आहे?"

दुपारभर तो शॉर्टकट काढत बसला. बाई शेजारच्या खुर्चीत होत्या.

"माझ्यासाठी खोटं बोललास."

शेवटची की काढून झाल्यावर त्याने खोडरबर घेतलं.

"टिंबं राहू देत," बाई म्हणाल्या. "माउस डावीकडे घेता येतो का रे?"

"येतो."

त्याने माउस डाव्या बाजूला आणून ठेवला, सेटिंग बदललं आणि खुर्ची त्यांना दिली. बाई नीट सावरून बसल्या. हात पुढे केला. नजर समोर स्क्रीनवरच ठेवून त्यांनी हळूच विचारलं,

"त्याच्यावरच आहे ना रे माझा हात?"