अठरा हजारांचं रिकामं स्टेडियम

आमच्या टॅमरॅक कॉलेजच्या स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरमध्ये लाउडस्पीकरवरून आकडा वाचतात. "आजची उपस्थिती, बारा हजार चारशे! आल्याबद्दल आभार!" त्यावर स्टँडमध्ये बसलेले दोन हजार लोक हसतात. गेल्या काही वर्षांत घरच्या मैदानावर खात्रीने हसायला मिळण्याची ही एवढीच वेळ उरली आहे.

तो आकडा चिठ्ठीवर लिहून वर पाठवायचं काम लोवेल स्ट्रूबीचं. तिकीट खात्याचा तो प्रमुख, आणि मागच्या कपातीनंतर खातंही तोच. सुरुवातीला तो विकलेली तिकिटं तेवढी लिहायचा. मग फुकट वाटलेली त्यात आली. मग आमचा बँड, पाहुण्यांचा बँड, पोलीस, सॉसेज विकणारे, रुग्णवाहिकेतले दोघे. एका गारठलेल्या शनिवारी पोटुशी बाई एक धरावी की दोन, यावर त्याने पंधरा मिनिटं विचार केला होता. दोन धरली. यात फसवणूक आहे असं कोणालाच वाटत नसे. पाहुण्याला 'बारीक झालात' म्हणावं, तसलं ते होतं.

यंदा लीगचं पत्र आलं. लिहिलेला आकडा चालणार नाही, गेटवर तिकीट वाचणाऱ्या मशीनने मोजलेलाच हवा. मोसमाअखेरीस सरासरी कमी भरली तर कॉलेज लीगबाहेर. लीगबाहेर म्हणजे फुटबॉल बंद. हे कॉलेजच्या अध्यक्षीणबाईंनी लोवेलला आत बोलावून, दार लावून सांगितलं. टेबलावर स्टेडियमचा नकाशा होता आणि त्यावर सौर पॅनेलांचे निळे चौकोन आखलेले होते.

"आणि तिकीट खातं?" लोवेलने विचारलं.

"सूर्याला तिकीट लागत नाही, लोवेल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी मायेचा होता, त्यामुळे लोवेल जास्तच घाबरला.

तो छप्पन्न वर्षांचा होता आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं. घरी बायकोला त्याने सांगितलं नाही. खिशात आम्लपित्ताच्या गोळ्यांची डबी असायची, तिच्या दोन झाल्या.

घरच्या पाच सामन्यांनंतर त्याने गणित मांडलं. सरासरी भरायला शेवटच्या घरच्या सामन्याला चौदा हजार लोक लागत होते. स्टेडियम अठरा हजारांचं. यंदा मशीनने सर्वांत जास्त मोजले होते चार हजार, आणि त्या दिवशी लोकरीच्या टोप्या फुकट होत्या.

गंमत अशी, की लोक येत होते. दर शनिवारी सकाळी सातपासून सात-आठ हजार माणसं येत. फक्त ती आत येत नसत. स्टेडियमला लागून जो गाड्यांचा भलामोठा तळ आहे, त्यात पिकअप गाड्या उलट्या लावून, मागची फळी पाडून, शेगड्या पेटवून बसत. सॉसेज, मिरची घातलेले बीन्स, बियर, आणि आमच्या स्कोअरबोर्डापेक्षा मोठे टीव्ही. त्या टीव्हींवर शंभर पावलांवर चाललेला आमचाच सामना बघत.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी लोवेल तळावर गेला. चाळीस नंबरच्या जागेवर डेनी पोहल कांदे परतत होता. डेनीचा प्लंबिंगचा धंदा. तळावर जागा मिळते म्हणून सगळ्यांसारखाच तोही मोसमाचं तिकीट दरवर्षी घेई. आत मात्र बारा वर्षांत गेला नव्हता.

"डेनी, आज आत ये की."

"आत काय आहे?"

"सामना आहे."

"सामना इथेपण आहे. शिवाय इथे खुर्ची आहे, शेगडी आहे, तोच झेल पुन्हा दाखवतात. आत काय, तो थंडगार पत्र्याचा बाक. गेल्या वेळी बसलो तो मंगळवारपर्यंत उभ्यानेच जेवलो."

"टीमला आधार वाटतो रे, माणसं दिसली की."

"नऊ सामने हरलेत लेकाचे. आधार द्यायचा तर त्यांच्या आईबापांना दे." डेनीने लोवेलकडे नीट पाहिलं. "तुझं तोंड असं का झालंय? घरून हाकललं का?"

"मला फक्त मशीनचा आवाज हवाय. तिकीट दाखव, टिंग होऊ दे, आणि जा परत. का ते विचारू नकोस."

"सामना बघायचा नाही ना?"

"नाही."

"मग येतो," डेनी म्हणाला. "सगळ्यांनाच पाठवतो. चालल्याने पोटात जागापण होते."

एकदा दाखवलेलं तिकीट मशीन पुन्हा घेत नसे. ती अट काढून टाकायला पडद्यावरची एक लहानशी खूण पुसावी लागते. लोवेलने ती शुक्रवारीच पुसून ठेवली होती. आत येणाऱ्यांना मोजावं असं लीगचं पत्र सांगत होतं; बाहेर जाणाऱ्यांना मशीन मोजतच नसे. एकच माणूस किती वेळा आला तर चालेल, याबद्दल पत्र गप्प होतं.

उत्तरेच्या गेटवर लोरेटा बिडलकोम बसायच्या. वय शहात्तर. त्यांनी गावातल्या अर्ध्या लोकांना चौथीत शिकवलं होतं, लोवेल त्यांतलाच. मशीन आली तरी त्या हातातलं चकचकीत मोजणीयंत्र अंगठ्याने दाबत राहत, तिच्यावर विश्वास नव्हता म्हणून.

"लोवेल, हा डेनी तीनदा आला," बाई साडेबाराला म्हणाल्या.

"हो का बाई."

"उत्तरेने आत, स्टँडखालून चालत, दक्षिणेने बाहेर. चार मिनिटांत पुन्हा दारात. तू चौथीतपण असाच होतास. उत्तर आधी लिहायचास आणि मग गणित जुळवायचास."

लोवेलने एक गोळी चघळली. फोनवर मशीनचा आकडा दिसत होता. सहा हजार. सामना सुरू झाला तेव्हा आठ हजार. स्टँडमध्ये बँड, आईबाप आणि फुकट शर्टासाठी आलेली मुलं. वर काचेच्या खोलीत लीगने पाठवलेला माणूस बसला होता. त्याला सगळं स्टेडियम दिसत होतं, पण त्याच्या अहवालात स्टेडियमसाठी रकाना नव्हता. तो हातातल्या पडद्याकडे बघून समाधानाने मान हलवत होता.

मध्यांतराच्या जरा आधी चौदा हजार झाले.

लोवेल भिंतीशी पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला. आता थांबवायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण चार-पाचशे वर असलेले बरे, असं त्याला वाटलं. मोजणीत काही चूक निघाली तर? मग पंधरा झाले. तेव्हा त्याने डेनीला फोन लावला. डेनीचा फोन गाडीतच राहिला होता, कारण तळावर आता चुरस लागली होती. गाड्यांच्या रांगा एकमेकींविरुद्ध फेऱ्या मोजत होत्या. डेनीची मेहुणी अकराव्या फेरीवर होती. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलंच होतं. दोन आजोबा चाकाच्या खुर्च्यांची शर्यत लावून टिंग करून गेले. लोवेल धावत दक्षिणेच्या गेटला पोचला, हात हलवून ओरडला, "पुरे! पुरे झालं!" लोकांनी त्यालाही हात हलवून दाखवले.

अठरा हजारांवर सगळ्या गेटांचे दिवे लाल झाले आणि फिरते दांडे खटकन अडकले.

पाच मिनिटांत, लोवेल उत्तरेच्या गेटला परततो तोच, अग्निशमन दलाच्या कॅप्टन नोरीन हॅस आल्या. क्षमता भरली की त्यांच्या ऑफिसात घंटा वाजते. ती पूर्वी कधीच वाजलेली नव्हती, त्यामुळे त्या गडबडीत एकच हातमोजा घालून आल्या होत्या.

"स्टेडियम भरलं," नोरीन म्हणाल्या. "आता मुंगीपण आत सोडायची नाही."

"नोरीन," लोरेटाबाई म्हणाल्या, "मान वळव आणि स्टँड बघ."

नोरीननी पाहिलं. समोरच्या आख्ख्या बाजूला एक माणूस पाय पसरून झोपला होता.

"बाई, मला दिसतंय. पण दिसतं ते नोंदवहीत लिहिता येत नाही. मशीन अठरा हजार म्हणते. उद्या काही झालं तर मी काय सांगू, माझ्या डोळ्यांना कमी वाटले?"

लोवेलला खरं तर बरंच वाटलं. चौदा हवे होते, अठरा मिळाले, गेट बंद. बाहेर कोणाला आत यायचंच नव्हतं. त्याने दिवसातला पहिला लांब श्वास घेतला.

तो श्वास सोडण्याआधी दोन गोष्टी झाल्या. आमच्या लोकांनी तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच चेंडू पार टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन टचडाउन केलं आणि पिकरिंग कॉलेजशी बरोबरी साधली. त्या पिकरिंगला आम्ही एकोणीस वर्षांत हरवलेलं नाही. आणि नेमक्या त्याच वेळी टीव्हीवाल्यांनी आमचा सामना बंद करून दुसरा मोठा सामना लावला. आमचा कोणी बघत नाही, असं त्यांच्याकडच्या आकड्यांवरून दिसत होतं.

तळावरचे सगळे टीव्ही एकदम परक्या रंगांचे झाले. तेवढ्यात भिंतीपलीकडून आरोळी आली. दोन हजारांचीच, पण ती बाहेर ऐकू येण्याची सवय कोणाला राहिली नव्हती. सॉसेज तसेच शेगडीवर टाकून लोक उठले.

दोन मिनिटांत उत्तरेच्या गेटपुढे हजारो माणसं होती. सगळ्यांत पुढे डेनी, हातात चिमटा तसाच.

"लोवेल, उघड! काय चाललंय आत?"

"भरलंय," लोवेल म्हणाला.

"काय भरलंय? कशाने?"

"तुम्हा लोकांनी."

डेनीने दांड्यांमधून आत पाहिलं. "अरे, रिकामं आहे की सगळं! माझी सीट मला इथून दिसतेय."

"तू आत आहेस, डेनी. मशीनच्या हिशेबाने तू सात वेळा आत आहेस."

"मग त्यांतल्या एकाला तरी विचार ना, स्कोअर काय झाला!"

मागून लोक ढकलायला लागले. लहान मुलं खांद्यांवर चढली. आत पुन्हा आरोळी उठली. लोवेलची पाठ मैदानाकडे होती. नोकरीच्या चौदा वर्षांत सामना चालू असताना ती तशीच असायची, पण आज त्याला मान वळवायची भीती वाटली. त्याने नोरीनचा कोपर धरला.

"काहीतरी करा."

"एकच मार्ग आहे." नोरीननी खिशातून घडी घातलेला छापील कागद काढला. "मशीनचा आकडा चुकीचा आहे, असं तू लिहून द्यायचं. खाली सही. मग मी शून्य करते आणि पहिल्यापासून मोजायला लावते. मात्र याची एक प्रत वर त्या लीगवाल्याला जाते. ते मला टाळता येत नाही."

लोवेलने फोनकडे पाहिलं. अठरा हजार. इतका देखणा आकडा त्याच्या हातून कधी लिहिला गेला नव्हता. हा तसाच ठेवला तर फुटबॉल राहत होता, त्याची खुर्ची राहत होती, बायकोला काही सांगावं लागत नव्हतं. फक्त आत यायला निघालेली ही माणसं तेवढी बाहेर ठेवायची होती, आणि तीही जेमतेम तासभर.

"बाई," तो हळूच म्हणाला, "आत खरे किती आहेत?"

लोरेटाबाईंनी अंगठ्याखालचा आकडा पाहिला. "बसायला गेलेले तेवढेच मोजलेत मी. दोन हजार एकशे सहा. झोपलेला धरून."

"आणि बाहेर?"

"ते मोजायचे तर आत यायला हवेत."

"लवकर, लोवेल," डेनी दांड्यांतून म्हणाला. त्याच्या आवाजातली चेष्टा गेली होती. "प्लीज. आत काहीतरी होतंय आणि मी बाहेर आहे."

चौदा वर्षांत हे वाक्य लोवेलला कोणी म्हटलं नव्हतं. त्याने सही केली. पेन थंडीने नीट उमटत नव्हतं, म्हणून पुन्हा गिरवून केली. मग आपल्याच हाताने ती पुसलेली खूण पडद्यावर परत केली, एका तिकिटाला एकदाच.

दिवे हिरवे झाले. लोक आत घुसले ते पळतच. कोणालाही आपली जागा माहीत नव्हती. जो तो मिळेल तिथे बसला, थंड पत्र्यावर, आणि कोणी तक्रार केली नाही. लोरेटाबाईंचा अंगठा सुजेपर्यंत चालला.

आकडा वाचायची वेळ कधीच टळून गेली होती. वरून निवेदकाचे दोन फोन येऊन गेले. चौथ्या क्वार्टरमध्ये रांग संपली, तेव्हा लोवेलने बाईंचे आधीचे दोन हजार एकशे सहा मिळवून चिठ्ठी लिहिली. हात सवयीने बँड मिळवायला निघाला होता. त्याने तो थांबवला.

"आजची उपस्थिती," लाउडस्पीकर म्हणाला आणि अडखळला. "नऊ हजार तीनशे बारा. आल्याबद्दल आभार."

कोणी हसलं नाही. लोक आजूबाजूला बघायला लागले, जसं काही एकमेकांना मोजत होते.

सामना आम्ही एका गुणाने हरलो. शेवटची किक खांबाला लागून बाहेर गेली आणि नऊ हजार लोक एका आवाजात कण्हले. तेवढं लोवेलने मान वळवून पाहिलं. वर काचेच्या खोलीत लीगचा माणूस नोरीनचा कागद दिव्यासमोर धरून वाचत होता. मग त्याने पेनाचं टोपण काढलं.

बाहेर पडताना डेनी गेटपाशी थांबला. आवाज बसलेला, चिमटा अजून हातात.

"काय सामना झाला रे! पुढच्या वर्षी आतच बसणार. बायकोलापण आणतो, उशा घेऊन येऊ. माझी ती सीट कुठली, सांग ना. आज भलतीकडेच बसलो होतो."

लोवेलला ती पाठ होती. लोरेटाबाई त्याच्याकडे बघत होत्या, चौथीत फळ्याशी उभं केल्यावर बघायच्या तशा.

"विभाग चौदा," तो म्हणाला. "रांग नऊ, सीट तीन. मैदान अगदी समोर दिसतं तिथून."

"धरून ठेव हां," डेनी म्हणाला, आणि जळालेल्या सॉसेजांकडे निघाला.

लोवेलने गोळ्यांची दुसरी डबी उघडली. तीही रिकामी होती.