चार सेलांचा रेडिओ

सोलापुरातल्या एका छोट्या कारखान्यात मी रेडिओचे नकाशे काढायचो. चौऱ्याहत्तर साली आमचा नवा ट्रान्झिस्टर तयार झाला. चार सेलांचा, आवाज असा की अख्खी आळी गोळा व्हावी. संपलेल्या सेलांचं पुढं काय होतं, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. तरी स्वतःला मोठा शहाणा समजायचो.

नमुन्याचा पहिला रेडिओ दुधनीजवळच्या गावी थोरल्या बहिणीला दिला होता. मायाक्का विधवा, मूलबाळ नाही. दोन महिन्यांनी गेलो, तर घरातली जमीन काळीभोर, गुळगुळीत. मी येणार म्हणून तिनं जुने सेल फोडून आतली काळी पूड शेणात कालवली होती आणि हातानं सारवलं होतं. गावातल्या सगळ्याच बायका तसं करायच्या. त्या सेलांत पारा असतो, आणि अक्काच्या बोटांना भेगा होत्या. मी पाणीही न पिता तिच्यावर चिडलो. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

जेवताना मी विचारलं, दोनच सेलांचा रेडिओ केला तर आवाज बारीक येईल, चालेल का?

"चालंल की. ऐकायला हितं मी एकटीच हाय."

सोलापुरात माझ्या खोलीतही मी एकटाच होतो, पण ते असं सरळ बोलायचं धाडस मला कधी झालं नव्हतं.

रेडिओच्या खोक्याचा नकाशा सोमवारी साच्यासाठी पुण्याला जायचा होता. एकदा साचा बनला की मग सगळं वरातीमागून घोडं. रविवारभर बसून मी नकाशा बदलला. दोनच सेल, आणि जुने दुकानात परत नेण्यासाठी झाकणाखाली एक कप्पा. मालक वीरभद्रप्पांनी तो पाहिला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. बारीक आवाजाचा रेडिओ कुणी घेत नाही म्हणाले. पुण्याला जुनाच नकाशा गेला.

मग मी अक्काला कळवलं, सेल फोडू नकोस. संपले की पत्र टाक, मी येऊन जुने नेईन, नवे देईन. एरवी तिला चार सेल महिनाभर पुरायचे.

नवव्या दिवशी गावातल्या शाळेच्या गुरुजींच्या अक्षरातलं पोस्टकार्ड आलं, सेल संपले. तसाच गेलो. अक्का पाणी आणायला गेली होती. शेजारीण म्हणाली, "तुमची अक्का रानात जाताना बी रेडिओ चालूच ठेवून जाती, सेल संपावं म्हणून."